दोन प्रतिमा जुळल्या म्हणजे फोकस झाला?

परवा आत्याचा फोन आला. "अरे, आजीचा तो चुलीपुढचा फोटो मोठा करून लावायचाय. तेवढा जरा स्पष्ट करून दे की."

स्पष्ट करून दे! आता काय सांगू तिला? त्या फोटोत आजीचे डोळे पुसट आहेत आणि कानशिलावरचे पांढरे केस मात्र एकेक मोजून घ्यावेत इतके लख्ख. आजी आता नाही, त्यामुळे परत काढायचीही सोय नाही. तर मंडळी, ही पोस्ट घरच्यांना द्यायचा खुलासा आहे, आणि माझ्या रेंजफाइंडरवाल्या मित्रांशी बरेच दिवस राहिलेलं भांडणही.

आधी घरच्यांसाठी. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, बाजूच्या एका खिडकीतून बघतो. मधोमध एक फिकट चौकोन असतो, त्यात वस्तूची दुसरी प्रतिमा दिसते. लेन्सची रिंग फिरवली की ती सरकते. दोन्ही एकावर एक बसल्या की फोकस झाला, असं आपण म्हणतो. पण त्या खिडकीला लेन्स काय बघतेय याचा पत्ताच नसतो! लेन्सच्या मागची धातूची कड कॅमेऱ्यातली एक छोटी दांडी ढकलते, तेवढाच काय तो दोघांचा संबंध. खिडकी फक्त अंतर मोजते. ते अंतर लेन्सने पाळलं की नाही, हे फिल्म धुऊन आल्यावर कळतं.

हे पटत नसेल तर आमच्या नगरला या. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय.) सोलापूर रस्त्यावर दरेवाडीजवळ रणगाडा संग्रहालय आहे. तिथल्या पॅटन रणगाड्याच्या वरच्या फिरत्या भागाकडे नीट बघा, दोन्ही बाजूंना कानासारखे उंचवटे दिसतील. ती रेंजफाइंडरची दोन टोकं. आपल्या कॅमेऱ्यात दोन खिडक्यांमध्ये काही सेंटीमीटर अंतर असतं, इथे दीड-दोन मीटर! पण एवढं अचूक अंतर मोजूनही नेम लागेलच असं नाही. प्रत्येक प्रकारचा गोळा वेगळ्या वेगाने जातो आणि वेगळा खाली झुकतो. म्हणून एम-४८ पॅटनमध्ये एक यांत्रिक गणकयंत्र होतं, आणि कोणता गोळा भरलाय ते त्याला सांगावं लागे. अंतर मोजणं हे एक काम, ते त्या गोळ्याशी जुळवणं हे दुसरं. आमच्या क्षेत्रात मात्र पहिलं काम झालं की लोक दुसरंही झालं असं धरून चालतात.

माझंही तेच झालं. कॅमेरा लायकाच्या परंपरेतला, लेन्स सोविएत. ३९ मिलिमीटरचे आटे दोघांचेही, त्यामुळे लेन्स झक्कपैकी बसली. अनंतावर ठेवून समोरचा डोंगर टिपला, तोही सुरेख आला. मी खूश!

आता त्यातली मेख सांगतो. लेन्सवर '५० मिलिमीटर' किंवा '५ सेंटीमीटर' लिहिलेलं असतं, पण ते नुसतं नाव. लायकाच्या हिशेबात ही लेन्स खरी ५१.६ मिलिमीटरची. झाइसच्या कॉन्टॅक्सची मात्र ५२.४ च्या आसपास. ज्युपिटर-८ सारख्या सोविएत लेन्सा झाइसच्या सोनार रचनेवरून आल्या आणि त्यांनी तेच माप ठेवलं. फरक जेमतेम ०.८ मिलिमीटरचा. अनंतावर तो लपतो. जवळ आलं की उघडा पडतो. १ मीटरवर गणित करून पाहिलं तर फोकस सुमारे ३ सेंटीमीटर मागे पडतो. एफ/२ वर पुढेमागे मिळून जेमतेम ४ सेंटीमीटर पट्टा स्पष्ट येतो, म्हणजे इकडे दोन, तिकडे दोन. डोळ्यांवर धरलं तर कानशील मिळणार. आजीच्या बाबतीत नेमकं तेच. सोविएत कॅमेऱ्यावर लायकाची लेन्स लावली तर उलट, फोकस पुढे पडतो.

आता भांडण. मित्र म्हणाले, "लेन्स भंगार आहे, विकून टाक." का? त्याच लेन्सने कानशिलावरचे केस टिपले की! एकाने कॅमेरा नावाजलेला आहे, चूक तुझ्या डोळ्यांची, असं सुनावलं. तिसरा म्हणाला, "एफ/८ वर काढत जा, सगळं नीट येतं." येणारच. एफ/८ वर ३ सेंटीमीटरची चूक स्पष्ट पट्ट्यात बुडून जाते. ती दुरुस्त होत नाही, झाकली जाते. आणि संध्याकाळी चुलीच्या उजेडात एफ/८ ला शटर किती वेळ उघडं ठेवू? आजी काय पुतळा होती?

सगळ्यात वाईट सल्ला चौथा, आणि मी मूर्खाने तोच ऐकला. कॅमेऱ्यातला रेंजफाइंडरचा स्क्रू त्या लेन्सप्रमाणे फिरवून घेतला. परिणाम? ती एक लेन्स सुधारली, बाकीच्या दोन बिघडल्या. घरात एकाचंच घड्याळ पुढे जातंय म्हणून भिंतीवरचं घड्याळ त्याच्याशी लावण्यातला प्रकार.

एक मान्य करतो. जन्मभर एकच लेन्स वापरणार असाल तर खुशाल कॅमेरा तिच्याशी जुळवा. पण तसं कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा, उद्या तो दुसऱ्याच्या हातात जाईल.

बाकीच्यांनी एवढंच करा. वर्तमानपत्र तिरपं ठेवा, १ मीटरवरून एका ओळीवर फोकस धरा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. मग तोच फोटो ३ मीटरवरून आणि दूरच्या डोंगराचा. प्रत्येक लेन्ससाठी वेगळा. कोणती ओळ स्पष्ट आली ते बघा. फोकस ३ सेंटीमीटर मागे पडत असेल तर प्रतिमा जुळवून झाल्यावर स्वतः तेवढंच मागे सरका, फुकटचा उपाय आहे. कायमचं हवं असेल तर लेन्समधली पातळ चकती बदलून घ्या, मात्र जवळचं साधलं की उघड्या ॲपर्चरला क्षितिज किंचित सुटणार, हेही लक्षात असू द्या.

तासाभराचं काम. मी ते केलं, पण आजीच्या फोटोनंतर.

आत्या, फोटो आहे तसाच मोठा करून पाठवतोय. कानशिलावरचे केस बघ. तेलाचा हात फिरवलेला दिसतो.