कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील डोंगर-स्वयंसेवकांना अधिकृत सहभाग मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. उपवनसंरक्षक (वन्यजीव),
नाशिक वन्यजीव विभाग, नाशिक.

द्वारा : मा. वनपरिक्षेत्र अधिकारी (वन्यजीव), राजूर व भंडारदरा.

विषय : अभयारण्यातील गिरिभ्रमण, बचावकार्य व संवर्धनाच्या कामात स्थानिक स्वयंसेवकांना ओळख, साधने व विमा मिळणे आणि अभयारण्य सल्लागार समितीत प्रतिनिधित्व मिळणेबाबत.

मा. महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही अकोले तालुक्यातील डोंगरगावांतले स्वयंसेवक आपणांस सविनय निवेदन सादर करतो. आमच्यात वाटाडे आहेत, घरी पाहुणे उतरवणाऱ्या बाया आहेत, शाळामास्तर आहेत आणि राजूर-अकोल्याच्या कॉलेजात शिकणारी पोरंही आहेत. गडावर जाणे ही आमची हौस आहे. त्याच हौसेपोटी आम्ही पावसाळा सरला की वाटा साफ करतो, रविवारी गडावरचा कचरा गोण्यांत भरून खाली आणतो, वणवा लागला की धावतो आणि कोणी पर्यटक चुकला किंवा पडला तर त्याला शोधून खाली आणतो. यातील कोणत्याही कामाचा मेहनताना आम्ही घेत नाही आणि या निवेदनाद्वारेही मागत नाही.

१९८६ मध्ये घोषित झालेले आणि सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य पूर्णपणे आमच्या तालुक्यात आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड आणि सांदण दरी, सारे याच पट्ट्यात येते. अहिल्यानगर जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुष्काळ उभा राहतो. पाथर्डी-कर्जतकडे टँकरची वाट पाहावी लागते, तर त्याच जिल्ह्यातल्या घाटघरला लोक नगरची चेरापुंजी म्हणतात. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि मुळा हरिश्चंद्रगडाच्या. १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे ११ टीएमसीचे धरण आणि राहुरीजवळचे २६ टीएमसीचे मुळा धरण याच डोंगरांच्या पाण्यावर भरतात. श्रीरामपूर, राहुरी, नेवाशाचा ऊस आणि नगर शहराचे नळ या डोंगरांवरच्या झाडोऱ्यावर अवलंबून आहेत. म्हणून इथल्या जंगलाची राखण हा केवळ आमच्या चार वाड्यांचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये.

आमचे मुख्य म्हणणे एकच आहे. संकटाच्या दिवशी सगळ्यांना आमची आठवण होते, पण एरवी आम्हांला कोणताही अधिकार नसतो. साम्रदला सांदण दरीच्या तोंडाशी हे रोज दिसते. दरीची रुंदी काही ठिकाणी इतकी कमी आहे की दोन्ही हात पसरले तर दोन्ही कडे हाताला लागतात. वर कुठेतरी सर पडली की पाणी बघता बघता वाढते आणि आत असलेल्याला चढून जायला जागा उरत नाही. आभाळ भरून आले की गावचा पोरगा तोंडाशी उभा राहून सांगतो, "दादा, आज आत जाऊ नका." उत्तर येते, "तू कोण आम्हाला अडवणारा?" त्याच्या अंगावर गणवेश नाही, खिशात ओळखपत्र नाही. मंडळी त्याला बाजूला सारून आत उतरतात. काही बरेवाईट झाले तर त्यांना काढायला मात्र दोर घेऊन तोच पोरगा आत उतरतो.

म्हणून पहिली मागणी अशी की, वाटाडे व स्वयंसेवक यांना विभागाच्या सहीशिक्क्याचे ओळखपत्र आणि ठळक रंगाचे जाकीट द्यावे. हवामान किंवा गर्दी पाहून प्रवेश थांबवण्याचा अधिकार तेथील वनरक्षकासह त्यांनाही लेखी द्यावा. ओळखपत्रे देताना महिलांना वगळू नये. पाहुण्यांना डोंगराची शिस्त सांगण्याचे काम आज मुख्यतः त्याच करतात.

बचावकार्याविषयी थोडे सविस्तर मांडतो. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर एखाद्याचा पाय मोडला की आमच्याकडे दोन बांबू आणि एक घोंगडी एवढेच साहित्य असते. त्याची डोली करायची, आठ-दहा जणांनी पाळीपाळीने खांदा द्यायचा आणि कातळावरून ओली पावले सांभाळत पायथ्याच्या पाचनईत उतरायचे. अवघड टप्प्यावर जखमीला घोंगडीसकट बांधून, बसत बसत खाली सरकवावे लागते. मोबाइलला रेंज नसल्यामुळे खाली गाडी तयार ठेवा, हा निरोप द्यायलाही एक माणूस पुढे पळवावा लागतो. एवढे करून गाडी मिळाली तरी पुढे राजूरपर्यंतचा घाटरस्ता उरतोच. उचलणाऱ्यांपैकी कोणाचा पाय घसरला तर त्याच्या घरच्यांनी कोणाकडे पाहायचे, याचे उत्तर आज कोणाकडेही नाही.

स्वयंसेवकांच्या बळावर अशी कामे होतात हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा खोल दरीत उतरून मृतदेह वर काढण्यात महाबळेश्वर ट्रेकर्स आणि सह्याद्री ट्रेकर्सचे तरुण पुढे होते. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र वर्षानुवर्षे हेच काम करीत आले आहेत. अकोल्याच्या डोंगरांत तशी माणसे आहेत. साधने आणि प्रशिक्षण नाही. तरी पाचनई, कळसूबाईच्या पायथ्याचे बारी आणि साम्रद या तीन ठिकाणी बचाव साहित्याची पेटी द्यावी. तीत घडीचे स्ट्रेचर, दोर, हार्नेस, हेल्मेट, प्रथमोपचाराचे सामान, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या आणि वॉकीटॉकी असाव्यात. दर पावसाळ्याआधी अनुभवी गिर्यारोहकांकडून प्रशिक्षण व्हावे. सर्व नोंदणीकृत स्वयंसेवकांचा अपघात विमा विभागाने किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने काढावा. विम्याची मागणी आम्ही सर्वांत तातडीची समजतो.

दुसरा जिव्हाळ्याचा विषय काजव्यांचा. मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडे काजव्यांनी लखलखू लागतात. हे लुकलुकणे म्हणजे नर-मादीची एकमेकांना घातलेली साद असते. पुढची पिढी जमिनीत, ओल्या पाचोळ्याखाली, गोगलगाई खाऊन महिनोन्‌महिने वाढते आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही आठवडे जगते. नेमक्या त्या आठवड्यांत गाड्यांच्या रांगा लागतात, हेडलाइट झाडांवर पडतात, मोबाइलच्या टॉर्च फिरतात, गाणी लागतात आणि रस्त्याकडेच्या ज्या जमिनीत उद्याचे काजवे वाढायचे तिच्यावरच चाके उभी राहतात. अंधार गेला तर जोडी जुळत नाही आणि जमीन तुडवली गेली तर अळी जगत नाही. असेच चालू राहिले तर पाहुण्यांना दाखवायला काजवाच उरणार नाही.

या हंगामावर आमच्या कित्येक घरांचे वर्षाचे मीठमिरची चालते, त्यामुळे सरसकट बंदी आम्ही मागत नाही. रात्री आत येणाऱ्या गाड्यांची संख्या ठरवून द्यावी, गाड्या गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर थांबवाव्यात आणि तिथून पुढे लहान गटांनी गावच्या वाटाड्याबरोबर, दिवे न लावता, पायी जावे. मोठ्या झाडांखाली तंबू लावण्यास व ध्वनिवर्धकास मनाई असावी. रात्रीच्या प्रवेशाची वेळ काय, हे हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी जाहीर व्हावे. ऐनवेळी निर्णय आला की पाहुण्यांची आगाऊ रक्कम परत करताना आमच्या बायांची फार ओढाताण होते.

हरिश्चंद्रगडावरील कोकणकड्याची स्थितीही गंभीर आहे. जोडून सुट्ट्या आल्या की कड्याच्या पठारावर तंबूंची वस्तीच उभी राहते. सकाळी माणसे निघून जातात आणि मागे पाण्याच्या बाटल्या, राख, उरलेले अन्न आणि उघड्यावरची घाण राहते. पहिल्या पावसात ती उतारावरून ओढ्यात जाते. तेच पाणी पुढे मुळेला मिळते. पठारावर मातीचा थर बोटभर असतो. पावसाळ्यातली रानफुले त्याच थरात रुजतात. तंबूभोवती चर खणला की तो थर वाहून जातो आणि पुन्हा धरत नाही. गडावर एका रात्री किती माणसे मुक्काम करू शकतील याची मर्यादा ठरवावी, नोंद पाचनईत पायथ्याशीच व्हावी, आणि वर नेलेल्या प्लॅस्टिकपोटी अनामत रक्कम घेऊन कचरा परत आणल्यावरच ती द्यावी. कड्याच्या काठापासून सुरक्षित अंतरावर आखणी करून तिच्या आतच मुक्कामास परवानगी असावी. हाच विचार बारीच्या वाटेवर, कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांपाशी होणाऱ्या मध्यरात्रीच्या गर्दीबाबतही व्हावा.

वणव्याबाबत थोडक्यात. गवत वाळण्यापूर्वी जाळरेषा पूर्ण व्हाव्यात, त्या कामात आमच्या गावांतील मजुरांना प्राधान्य मिळावे आणि प्रत्येक गावाला एक ब्लोअर द्यावा. सध्या आम्ही हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपतो. उतारावर वारा फिरला की तो उपाय पुरत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३३ब मध्ये अभयारण्य सल्लागार समितीची तरतूद आहे. तीत पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन आणि वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या तीन व्यक्ती असाव्यात, तसेच अभयारण्यात व भोवताली राहणाऱ्या लोकांच्या सहभागाबाबतही समितीने सल्ला द्यावा, असे कायदाच सांगतो. या समितीत डोंगरगावांच्या स्वयंसेवकांना व ग्रामसभांना स्थान मिळावे, यासाठी आपण वरिष्ठांकडे शिफारस करावी. अकोल्याचा हा भाग ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या क्षेत्रात मोडतो. त्यामुळे नव्या पायऱ्या, रेलिंग किंवा प्रेक्षणीय मंच यांसारखे कोणतेही पक्के काम हाती घेण्यापूर्वी संबंधित ग्रामसभेचा ठराव घेतला जावा. नाक्यांवर जमा होणाऱ्या प्रवेश शुल्काचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावा व त्यातील ठरावीक वाटा त्याच गावाच्या परिस्थितिकीय विकास समितीकडे वर्ग करावा. वरील बचाव पेट्यांचा व विम्याचा खर्च या वाट्यातूनही भागू शकेल, असे आम्हांस वाटते.

या मागण्यांवर चर्चेसाठी पावसाळा सुरू होण्यापूर्वी राजूर येथे बैठक घ्यावी, ही विनंती. त्या बैठकीत गावनिहाय स्वयंसेवकांची यादी, धोक्याच्या जागांचा हाताने काढलेला नकाशा आणि पाचनई वाटेवरील चुकण्याच्या वळणांची नोंद आम्ही सादर करू. त्या वळणांवर दिशादर्शक दगड रंगवण्यास परवानगी मिळावी; रंग व श्रम आमचे राहतील.

आपले विश्वासू,

अकोले तालुक्यातील डोंगरगावांचे गिरिभ्रमण व संवर्धन स्वयंसेवक
(सह्या व अंगठे स्वतंत्र पानावर)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी सविनय सादर :
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, अहिल्यानगर
मा. तहसीलदार, अकोले
सरपंच व ग्रामसभा : पाचनई, बारी, साम्रद, रतनवाडी, घाटघर