सिमेंटचा दगड विका, पण घाई नको!

आपल्या समुद्रातलं प्रवाळ काढून विकणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी सिमेंटचे दगड बनवणं हा चांगला जोडधंदा. पण माझं स्पष्ट मत आहे, ताजा दगड विकू नका. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पीएच 12 पर्यंत जाऊ शकतो. समुद्री टँकला लागतो 8.1 ते 8.4. दगड महिना-दोन महिने गोड्या पाण्यात बुडवा, पाणी बदलत राहा. शेवटी नव्या पाण्यात दोन दिवस ठेवून पीएच मोजा. वाढला नाही तरच विका. बनवताना हातमोजे, मास्क हवेतच. तोवर पैसे अडकतात, मान्य. तो खर्च किमतीत धरा. गिऱ्हाईकाचे मासे एकदा मेले, की द्वारकेपासून पंचवटीपर्यंत नाव खराब व्हायला वेळ लागत नाही.