शाळेचं स्वप्न आणि अकराशे रुपयांची शांती



गेल्या चतुर्दशीला पूजा आटोपून आम्ही सातआठ जणी मंदिराबाहेर बसलो होतो. माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "काल परत तेच स्वप्न. गणिताचा पेपर आहे आणि मला वर्गच सापडत नाही." लगेच दुसरी म्हणाली, मलाही पडतं. तिसरीचा गणवेश हरवतो, चौथी पोचेपर्यंत घंटा होऊन गेलेली असते. साठीला आलेल्या बायका, आणि रात्री सगळ्या शाळेत!

इथवर हसण्यासारखंच होतं. मग कळलं की जाऊबाईंनी या स्वप्नाचं 'फल' एका जाणकारांना विचारलं होतं. उत्तर मिळालं: पूर्वजन्मीचा विद्यादोष आहे, नातवाच्या शिक्षणात अडथळा येईल, ११०० रुपयांत शांती करू. पैसे देऊन झाले. नातवाची दहावी जवळ आली तशी जाऊबाईंची झोप मात्र उडाली आहे.

मला याचा राग येतो.

कुणी म्हणेल, त्रिशलामातेला स्वप्नं पडलीच ना? पडली. आपण १६ मानतो, श्वेतांबर भगिनी १४. पण ती तीर्थंकर गर्भात आल्याची स्वप्नं होती. चंद्रगुप्ताच्या स्वप्नांचा अर्थ सांगायला श्रुतकेवली भद्रबाहूस्वामी होते. अष्टांग निमित्तात स्वप्न येतं, हेही खरं. पण ते ज्ञान कुठे आणि स्टँडवर मिळणारं स्वप्नफलाचं पुस्तक कुठे! आपल्या आचार्यांनी स्वप्नाची साधी कारणंही सांगून ठेवली आहेत: अनुभवलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं, मनात घोळत राहिलेलं, शरीरातला बिघाड. एवढं सगळं सोडून आपण थेट दोषावर उडी का मारतो? आणि कर्माची निर्जरा तपाने होते. पावती फाडून ती होते, असं कुठल्या शास्त्रात वाचलंत?

मी जाऊबाईंना एवढंच विचारलं, "तुमची शाळा कधी सुटली?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दहावीचा फॉर्म भरला होता. फेब्रुवारीत लग्न झालं. मार्चमध्ये पेपर."

झालं की नाही फल सांगून?

सगळ्यांचं असंच असतं असं नाही. माझं बी.ए. झालंय, तरी घरी कार्य असलं किंवा महाराजांसाठी चौका लावायचा असला की मलाही पेपर चुकतो. ते कामाचं दडपण. ते ओळखावं, कुणाला मदतीला हाक मारावी, णमोकार म्हणून झोपावं. पण जिची शाळा अर्ध्यात तोडली, तिच्या मनातली खंत दोष म्हणून विकणं हे पाप आहे. आणि ते विकत घेणाऱ्या आपणच.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांना जेवायला मिळावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. परक्यांच्या मुलांसाठी! आणि आपल्या घरात 'स्थळ चांगलं आहे' म्हणून मुलीची परीक्षा बुडवली, तेव्हा आपण सगळ्या अक्षता टाकायला हजर होतो.

सतरा नंबरचा फॉर्म भरून आजही बाहेरून दहावीला बसता येतं. शाळा सोडल्याचा दाखला शोधायचा, केंद्र असलेल्या शाळेत चौकशी करायची. ११०० रुपयांत पुस्तकं नक्की येतील. ज्ञानावरणीय कर्माचा क्षयोपशम व्हावा म्हणून श्रुतपंचमीला आपण जिनवाणीची पूजा करतो ना? मग पुस्तक उघडायला लाज कसली?

यापुढे कुणी शाळेचं स्वप्न सांगितलं, तर तिला फल सांगू नका. तिची शाळा कशी सुटली, ते विचारा, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. जाऊबाईंच्या दाखल्यासाठी आम्ही दोघी सोमवारी त्यांच्या जुन्या शाळेत जाणार आहोत.

जय जिनेंद्र.