पांगायचं कुठे?

१९९४ साली मी भिवापूरला बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. भिवापूर म्हणजे मिरची, एवढंच तेव्हा बाहेरच्या माणसाला ठाऊक असे. आमच्या खातेदारांत मिरचीवाले व्यापारी होते, तशीच गावची गुरं राखणारी गोवारी कुटुंबंही होती. ही माणसं बँकेत आली की खुर्चीवर बसायला संकोचत. अंगठा उठवून पैसे घेत आणि दोनदा मोजून घेत.

त्या नोव्हेंबरात त्यांच्यातले बरेच जण नागपूरला मोर्च्याला गेले. हिवाळी अधिवेशन चालू होतं. गोवारींना आदिवासींच्या सवलती मिळाव्यात ही मागणी होती. कोणी छोट्या गाडीने गेलं, कोणी ट्रकने. बायका लेकरांना कडेवर घेऊन, फडक्यात भाकरी बांधून निघाल्या. सरकार म्हणजे कोणीतरी मोठा माणूस, त्याला आपण भेटून येऊ, अशी त्यांची समजूत होती.

२३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी विधानभवनाजवळ पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलं अधिक होती. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने कोणालाच दोषी धरलं नाही. पुढे सीताबर्डीत स्मारक झालं, उड्डाणपुलाला शहीदांचं नाव मिळालं. ११४ हा आकडा आज विदर्भात शाळकरी पोरालाही पाठ आहे.

त्या दिवशी पाचशेच्या वर माणसं जखमी झाली होती. त्यांचं पुढे काय झालं, हे मात्र कोणालाच पाठ नाही.

त्यांतली एक बाई महिनाभराने माझ्या टेबलापुढे उभी राहिली. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत तिला गाईसाठी कर्ज दिलेलं होतं. बँकेत बायकांचा उजव्या हाताचा अंगठा घेतात. तिचा उजवा हात लोकांच्या पायाखाली चिरडला होता, अंगठा सरळच होत नव्हता. मी दोन साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि तशी नोंद केली. काय झालं होतं, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘पोलीस म्हने, हटा. हटाचं कोठं जी? मांगंबी मानसंच होते.’’

हात गेला तसं दूध काढणं गेलं, मग गाय विकली गेली, मग हप्ते थकले. थकबाकीच्या तक्त्यात कारण लिहायचा रकाना असे. दुष्काळ, जनावराचा मृत्यू, कर्जदाराची टाळाटाळ, असं काहीतरी त्यात लिहायचं. ‘सरकारकडे गाऱ्हाणं घेऊन गेली होती’ हे कशात बसवावं, ते मला कळेना. शेवटी मी ‘आजारपण’ लिहिलं. तीस वर्षं झाली, तो शब्द मला अजून खुपतो.

गर्दी हटवण्याचा अधिकार पोलिसांना कायद्यानेच दिला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत तो १२९व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत १४८व्या कलमात आहे. आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा, न ऐकल्यास बळ वापरायचं, असा तो क्रम. पण पांगा म्हणण्याआधी पांगायला वाट हवी, हे साधं व्यवहारज्ञान आहे. पुढे कठडे, मागे माणसं आणि वर लाठी असेल तर हुकूम पाळायचा म्हटला तरी पाळता येत नाही. त्या बाईला हे कळत होतं. बंदोबस्ताचा नकाशा काढणाऱ्यांना का कळू नये?

पोलिसांनाही मी खलनायक ठरवत नाही. सकाळपासून उपाशी उभा असलेला शिपाईसुद्धा कोणाच्या तरी घरचा मुलगा असतो आणि दगड त्यालाही लागतो. पण त्याला तिथे कोणी उभं केलं, वाट कोणी बंद केली आणि लाठीचा हुकूम कोणी दिला, याचं उत्तर वरच्या माणसाने द्यायला हवं. बँकेत शंभर रुपये कमी भरले तरी सही कोणाची ते आम्ही पाहत असू.

घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात दहा माणसं गेली. मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी तीन शेतकरी गेले. दोन्हीकडे मेलेल्यांचा आकडा लक्षात राहिला, जखमी विसरले गेले. माझं मागणं मोठं नाही. लाठी किंवा गोळी चालली की जखमींची एक वही उघडावी. नाव, गाव, इजा, उपचार, बुडालेली मजुरी असं सगळं तीत यावं. वर्षभराने पुन्हा त्या दारात जाऊन विचारावं, आता हात उचलतो का? आणि ही वही विधिमंडळापुढे ठेवावी.

गोवारींच्या मागणीचा निकालही वरखाली झाला. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मागणी बरोबर की चूक, हे न्यायालयं ठरवोत. मागायला गेलेल्याचा हात मोडू नये, एवढं तरी आपण ठरवायला हरकत नाही.

त्या बाईचं कर्ज पुढे बुडीत खात्यात गेलं. आमच्या वहीत ती देणेकरी राहिली. खरं देणं कोणाकडून कोणाला होतं, ते मात्र कुठल्याच वहीत लिहिलं गेलं नाही.