दोन तासांचा कार्यक्रम, बावीस तासांचा प्रवास



परंपरा टिकवायची म्हणजे काय करायचं, याची चर्चा आपल्या मंडळात दर दिवाळीला होते. भाषा, सण, मराठी शाळा यांवर आपण भरभरून बोलतो. पण परंपरा पाठीवर घेऊन गावोगाव फिरणारा कलाकार त्या चर्चेत क्वचितच येतो. म्हणून आज थोडी वाकडी वाट करून न्यू ऑर्लिन्सच्या पारंपरिक जॅझ बँडबरोबर फिरून येऊ या.

या संगीतात ट्रंपेट चाल धरून ठेवतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेलीसारखी चढते, ट्रोम्बोन खालून आधार देतो. बँजो, ट्युबा आणि ड्रम लय सांभाळतात. सगळे एकाच वेळी आपापली उपज करतात, तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. हे पुस्तकातून शिकता येत नाही, जाणत्याच्या शेजारी बसून वाजवावं लागतं.

१९६१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये प्रिझर्व्हेशन हॉल सुरू झाला. लाकडी बाकं, छोटीशी खोली, दारूची विक्री नाही. तिथे वाजवणारे बरेचसे कलाकार उतारवयाचे होते. हॉल चालवणाऱ्या जॅफी दांपत्याने ओळखलं, की एका खोलीच्या कमाईवर हे संगीत जगणार नाही. १९६३ पासून बँड दौऱ्यावर निघाला. ॲलन जॅफी स्वतः ट्युबा घेऊन त्यांच्यात बसत. विली आणि पर्सी हे हंफ्री बंधू तर ऐंशी उलटल्यावरही प्रवास करून वाजवत राहिले. त्यांचे आजोबा जिम हंफ्री मळ्यांमळ्यांवर जाऊन कामगारांना बँड शिकवत असत. म्हणजे ही फिरतीची विद्या घराण्यातच होती.

पण कृष्णवर्णीय वादकांसाठी रस्ता सोपा कधीच नव्हता. रात्री ज्यांच्या वादनावर लोक नाचले, त्यांना त्याच गावात जेवायला आणि झोपायला जागा मिळत नसे. ड्यूक एलिंग्टनने तीसच्या दशकात दक्षिणेतल्या दौऱ्यांसाठी रेल्वेचे डबे भाड्याने घेतले, झोपायची सोय त्यातच. हार्लेमच्या व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ छापलं. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठलं हॉटेल, कुठलं घर आसरा देईल, याची ती यादी होती. १९५६ मध्ये लुइझियानाने गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र वादनावर बंदी आणली, तेव्हा लुई आर्मस्ट्राँग आपल्या मिश्र बँडसह जगभर फिरला, पण आपल्याच जन्मगावी वाजवायला १९६५ पर्यंत गेला नाही.

हा रस्ता आपल्याही दारावरून गेलेला आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. मुंबईतल्या गोवेकर वादकांनी हे संगीत आत्मसात केलं आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीतात नेलं. आणि फिरतीचं म्हणाल तर आपली संगीत नाटकमंडळी, तमाशाचे फड यांनी दुसरं काय केलं? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!

आता आपल्याकडे पाहा. आपण भारतातून गायक, नाटकवाले बोलावतो. इथे सगळ्यांना सवड शनिवार-रविवारीच. त्यामुळे शुक्रवारी एक शहर, शनिवारी दुसरं, रविवारी तिसरं. तबलजीची झोप विमानात आणि पेटीचा जीव सामानाच्या पट्ट्यावर. मुक्काम कुणाच्या तरी घरी. आपल्या कलाकारांची तुलना वर्णभेद सोसणाऱ्या वादकांशी करता येणार नाही, करूही नये. पण एक प्रश्न दोन्हीकडे तोच आहे: दोन तासांच्या टाळ्यांनंतर उरलेल्या बावीस तासांची जबाबदारी कुणाची?

तुम्ही म्हणाल, मंडळ स्वयंसेवकांचं, तिकीट परवडायला हवं, आणि घरचा पाहुणचार प्रेमाचाच असतो. सगळं खरं. पण त्याच प्रेमापोटी रात्री बारा वाजता, जेवणं झाल्यावर, “एक होऊन जाऊ दे” असा आग्रहही होतो. यजमानाच्या सोफ्यावर बसलेला कलाकार नाही कसं म्हणणार?

माझं म्हणणं साधं आहे. घर की हॉटेल, हे कलाकाराला आधी विचारावं. दौऱ्यात एक दिवस निव्वळ विश्रांतीचा धरावा. साथीदारांची नावं मुख्य गायकाइतक्याच ठळकपणे छापावीत. सोमवार ते गुरुवार कलाकार मोकळे असतात, त्यातल्या एखाद्या संध्याकाळी मानधन देऊन मुलांसाठी वर्ग ठेवावा. या सगळ्यासाठी तिकिटामागे चार डॉलर जास्त पडले, तर ते आपण न कुरकुरता द्यावेत.

आणि इथे वाढलेल्या मुलामुलींनो, तुम्ही त्या वर्गाला जाच. मराठी अडखळत असेल तरी चालेल, ताल अडखळणार नाही. प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये म्हाताऱ्या वादकांशेजारी तरुण बसले म्हणून ते संगीत आजही दौऱ्यावर आहे. पेटीवाल्याशेजारीही एक खुर्ची रिकामी ठेवू या. त्या खुर्चीवर कोण बसणार, हे तुम्ही ठरवा.