श्रेयांकांची पेढी आणि दाराबाहेरची वळकटी

एकदा ज्या महाविद्यालयाची पायरी चढली, तेथेच पदवी पदरात पडेपर्यंत अडकून राहावयाचे, ही आपल्या उच्च शिक्षणातील जुनी सक्ती राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बरीच सैल केली. पाठोपाठ २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीची नियमावली आली. विद्यार्थ्याने एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक या पेढीत जमा व्हावेत आणि दुसऱ्या संस्थेत गेल्यावर ते त्याच्या उपयोगी पडावेत, अशी ही व्यवस्था. कल्पना उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु श्रेयांक संगणकाच्या तारेतून क्षणात पोहोचतात. विद्यार्थी मात्र एस.टी.ने, ट्रंक आणि वळकटी घेऊन येतो. रात्री पाठ टेकण्यास जागा त्याला लागते, श्रेयांकांना लागत नाही!

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात दाखल होणारी मुले दरवर्षी त्यास तोंड देतात. बीड किंवा धाराशिवच्या शासकीय तंत्रनिकेतनात उत्तम गुण मिळविलेला शेतकऱ्याचा मुलगा पुण्यातील महाविद्यालयात प्रवेश मिळवितो, तेव्हा घरात पेढे वाटले जातात. मग वसतिगृहाची चौकशी होते आणि कळते की, खोल्या पूर्वीच वाटून झाल्या आहेत. अनेक ठिकाणी वसतिगृहाचे गणित प्रथम वर्षापासून मांडलेले असते. जो आधी आला तो राहिला. जो मध्येच आला, त्याने कोणी सोडून गेल्यास उरलेल्या खाटेची वाट पाहावी. त्यातच या मुलांच्या प्रवेशफेऱ्या संपेतो बहुधा वर्गही सुरू झालेले असतात.

त्यानंतर सुरू होते ती शहरातील पायपीट. सदाशिव-नारायण पेठांत 'कॉट बेसिस'च्या पाट्या वाचीत हिंडावे, तेथील भाडे न परवडल्यास कात्रजच्या पलीकडे सरकावे. सदनिका घ्यावी तर अनामत रक्कम, दलाली, अकरा महिन्यांचा करार, पोलीस पडताळणी. आणि एवढे करूनही गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर अविवाहितांना जागा नाही, हा ठराव! चोरट्याची झडती होणार नाही इतकी चौकशी विद्यार्थ्याची होते.

वसतिगृह म्हणजे केवळ छप्पर नव्हे. जर्नल कसे लिहावे, कोणत्या प्राध्यापकांची तोंडी परीक्षा कशी असते, मागील वर्षाच्या टिपणवह्या कोणाकडे आहेत, ही सारी विद्या रात्री दहानंतर वसतिगृहाच्या व्हरांड्यात मिळते. प्रथम वर्षात आलेल्याला रुळण्यास पूर्ण वर्ष मिळते. दुसऱ्या वर्षात येणारा मात्र धावत्या गाडीत चढतो. मैत्रीचे गट जमलेले असतात, पदविकेतून पदवीच्या गणितात आलेला हा मुलगा एका कोपऱ्यात बसतो आणि तास संपताच दीड तासाच्या बसप्रवासाला लागतो. म्हणजे ज्याला वसतिगृहाची सर्वाधिक गरज, तोच यादीत सर्वांत शेवटी!

मुलींच्या बाबतीत तर खोली न मिळणे म्हणजे पुष्कळदा प्रवेशच हातचा जाणे. राज्य शासनाने २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. या निर्णयाचे स्वागत करावे तेवढे थोडे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून निवारा मिळत नाही. मुलीला अनोळखी शहरात कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे, या एका प्रश्नापाशी कित्येक बापांचा होकार अडतो. त्यांना प्रतिगामी म्हणणे सोपे आहे. त्यांच्या जागी उभे राहणे तितके सोपे नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. पुण्या-मुंबईसाठी तिच्यात वर्षाला ६० हजार रुपये ठरले. पैकी निवासाचे २० हजार, म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे. या पैशात पुण्यात खाट शोधून दाखवावी! जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने महिना २० हजारांपर्यंतचे, किमान सलग ९० दिवसांचे खासगी वसतिगृहवास्तव्य करमुक्त करण्याची शिफारस केली, हेही योग्यच झाले. मात्र करमाफीने खाटा वाढत नाहीत.

त्या वाढविण्याचे काम या भूमीत पूर्वी समाजाने केले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी केली. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले, आणि १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीची स्थापना केली. शाळा-महाविद्यालय काढले की काम संपले, असे या मंडळींनी मानले नाही. वार लावून जेवणाऱ्या मुलांची पुण्यातील जुन्या घरांना ओळख होती. ती प्रथा परत यावी असे कोणी म्हणणार नाही; सात घरांच्या पंक्तीत बसताना त्या मुलांच्या मनाला काय वाटत असे, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. पण आज कोथरूड-कर्वेनगरात मुले परदेशी गेलेली, दोन वृद्ध माणसे आणि कुलूप लावलेल्या दोन खोल्या, अशी घरे थोडी नाहीत. तेथे एखादा विद्यार्थी माफक भाड्याने, सन्मानाने राहिला तर रात्री-अपरात्री हाकेला ओ देणारे कोणी तरी असेल. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत तो ठराव बदलण्याचा विषय सुजाण सभासदांनीच मांडावयास हवा.

महाविद्यालयांना करता येण्याजोगे दोन उपायही अवघड नाहीत. थेट द्वितीय वर्षाच्या फेऱ्या संपेपर्यंत काही खाटा राखून ठेवाव्यात. त्यासाठी प्रथम वर्षाच्या मुलाला बाहेर ठेवणे अन्यायाचे होईल. अंतिम वर्षाचा विद्यार्थी मात्र शहरात मुरलेला असतो, त्याचे सोबती जमलेले असतात. बाहेर राहणे त्यालाच सर्वांत कमी जड जाते. दुसरे, वसतिगृहात जागा आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी कळवावे. त्यास निधी नको, शासननिर्णय नको. माहितीपुस्तिकेत एक रकाना वाढवला की गावाकडच्या बापाला शेजारच्या जिल्ह्यातील महाविद्यालय बरे की पुणे, याचा हिशेब वेळेत मांडता येईल.