क्रमांक तोच, चिप वेगळी

दिवाळीत पवनारच्या घराचा माळा आवरताना नानाकाकांचा कॉम्प्युटर सापडला. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस. १९८५ साली आत्याच्या यजमानांनी लंडनहून आणलेला. सोबत एका जुन्या चादरीत गुंडाळलेला टेपरेकॉर्डर आणि सात कॅसेट. एका कॅसेटवर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाढे – घड्याळासकट'.

आमच्या घरातल्या सगळ्यांना हे पाढे आठवत असतील. काका टीव्ही लावायचे, कॅसेट सुरू करायचे, आणि पाच मिनिटं ती किरकिर ऐकत आम्ही पोरं बसून राहायचो. मग पडद्यावर चक्क मराठी अक्षरं! या मशीनमध्ये स्वतःची अक्षरं काढायला फक्त एकवीस जागा मिळायच्या. काका आलेखाच्या कागदावर आठ बाय आठचे चौकोन भरून एकेक अक्षर काढायचे, आणि एकविसात कोणाला घ्यायचं नि कोणाला गाळायचं यावर जेवताना चर्चा व्हायची. कोपऱ्यात एक छोटं घड्याळ टिकटिकत असायचं. ते त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकातून बघून मशीनच्या भाषेत लिहिलं होतं. काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

मशीन लावलं तर पडद्यावर नुसते रंगीबेरंगी चौकोन. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला, "मामा, रॉम गेली असेल. नवीन टाकू." मी म्हटलं, टाकू. एवढं सोपं वाटलं होतं मला!

ज्यांना या विषयाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रॉम म्हणजे कॉम्प्युटरची जन्मजात अक्कल. स्पेक्ट्रमची सगळी अक्कल १६,३८४ बाइटमध्ये बसवलेली आहे. बेसिक भाषा, कीबोर्ड वाचणं, कॅसेटवरून प्रोग्रॅम घेणं, इंग्रजी अक्षरांचे आकार, सगळं त्यात. हे कारखान्यातच कोरलेलं असतं, पुसता येत नाही. म्हणून बदली चिप घ्यायची ती ईप्रॉम, म्हणजे आपण मजकूर भरू शकतो अशी. १६ किलोबाइटच्या मूळ चिपवर बहुधा २३१२८ असा क्रमांक असतो, आणि त्या जागी २७१२८ ही ईप्रॉम चालते असं सगळे सांगतात. दोन्हींना अठ्ठावीस पाय. दिसायला जुळ्या बहिणी.

पण जुळ्या नाहीत. मूळ चिपच्या सत्ताविसाव्या पायाचा उपयोग ती जागी करायला होऊ शकतो, आणि तो पाय कुठल्या पातळीला चिप जागी करेल हे बनवतानाच ठरवलेलं असतं. ईप्रॉमचा तोच पाय मजकूर भरण्यासाठी असतो, आणि वाचताना त्याला कायम पाच व्होल्ट द्यावे लागतात. आम्ही काकांची चिप २७१२८ समजून वाचायला लावली, तर सगळीकडे २५५, २५५, २५५. भाच्यानं "मेली" म्हणून जाहीर करून टाकलं. ती मेली नव्हती, आम्ही चुकीचं दार ठोठावत होतो. त्या पायाची जोडणी बदलल्यावर बोलायला लागली. मात्र तीनदा वाचली तर थोड्या जागांवर तीनदा वेगळं उत्तर. म्हणजे मेलेली नाही, पण भ्रमिष्ट झालेली. खुद्द सिंक्लेअरच्या कितीतरी बोर्डांवर रॉमजवळ तारेच्या जोडणीसाठी 'एच' आणि 'एन' अशा खुणा असतात, हिताचीची चिप असेल तर एक, एनईसीची असेल तर दुसरी. म्हणजे एकाच मशीनच्या दोन अधिकृत चिपासुद्धा जोडणी न बदलता एकमेकींच्या जागी बसत नव्हत्या.

पुढचा पराक्रम माझा. नागपूरला सीताबर्डीवरून ईप्रॉम आणली, मित्राच्या जुन्या प्रोग्रॅमरवर २१ व्होल्टचं बटण दाबलं आणि चिप जाळली. इंटेलच्या २७१२८ ला मजकूर भरायला २१ व्होल्ट लागतात आणि २७१२८ए ला साडेबारा. माझ्या चिपवरचा तो 'ए' मी वाचलाच नव्हता. एका अक्षराचा फरक! पावतीवर दुकानदारानं बरोबर लिहिलं होतं, दोष सर्वस्वी माझा.

खरं तर पवनारच्या माणसाला तरी हे कळायला हवं होतं. लहानपणापासून ऐकत आलोय की आमचं गाव म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर. वा. वि. मिराशींनी तसं मांडलं, १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठानं इथे उत्खननही केलं. पुढे रामटेकजवळच्या मनसरचं उत्खनन झाल्यावर काही अभ्यासक म्हणू लागले की प्रवरपूर तिकडे. गावाचा अभिमान म्हणून मला काय वाटतं ते सोडा, पण नाव जुळतं म्हणजे फक्त शोधायला सुरुवात करता येते, हे त्या वादातून सहज शिकण्यासारखं होतं. चिपवरचा क्रमांकही तेवढंच सांगतो.

असो. मग २७सी२५६ ही दुप्पट मोठी चिप आणली. हिच्यात सत्ताविसावा पाय म्हणजे पत्त्याची आणखी एक तार. तिला एक छोटं बटण लावलं की एकाच चिपमध्ये दोन रॉम मावतात, आणि हवी ती अर्धी चालवता येते. (कोणी २८सी२५६ घ्यायला जाल तर जपून. हिच्यात हीच पत्त्याची तार पहिल्या पायावर असते, आणि सत्ताविसावा पाय लिहिण्याचा.)

इथे भाच्याला कल्पना सुचली. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये शेवटी, इंग्रजी अक्षरांच्या आधी, ११७० बाइट नुसते २५५ नं भरलेले आहेत. म्हणजे न वापरलेली जागा. "मामा, काकाआजोबांना एकवीसच अक्षरं मिळाली ना? आपण या जागेत सगळी मुळाक्षरं टाकू. आणि रॉममध्ये ती जुनी चूक आहे ना, तीही दुरुस्त करू." चूक खरंच आहे. एका ठिकाणी अट उलटी लिहिली गेल्यामुळे मशीनची एक सोय कधीच वापरता आली नाही. मला त्याचं कौतुक वाटलं. काकांनाही आवडलं असतं असं वाटलं. अर्ध्या भागात ही सुधारलेली रॉम भरली आणि उरलेल्या अर्ध्यात मूळची, जशीच्या तशी.

सुधारलेली लावली. मशीन झकास सुरू झालं. पाढ्यांची कॅसेट लावली, किरकिर झाली, काकांची अक्षरं पडद्यावर आली. माझे डोळे भरून आले. आणि घड्याळ सुरू व्हायच्या क्षणी सगळं गोठलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. शेवटी आम्ही ठरवून टाकलं की इतक्या वर्षांत कॅसेट खराब झाली. भाचा ती टाकायच्या डब्याकडे नेत होता, आणि मी सहज म्हणून बटण दुसरीकडे केलं.

मूळ रॉमवर घड्याळ टिकटिकायला लागलं.

कारण शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. स्पेक्ट्रमच्या जगात एक जुनी युक्ती होती. सेकंदाला पन्नास वेळा मशीनला टिचकी मारून 'आता माझं काम कर' म्हणायचं असेल, तर ते काम कुठे आहे हे सांगणारा एक तक्ता लागतो. मेमरी वाचवायची म्हणून लोक तो तक्ता स्वतः लिहायचेच नाहीत. रॉममधले ते ओळीनं बसलेले २५५ हाच त्यांचा तक्ता! शिवाय रॉमचा अगदी पहिला बाइट २४३ आहे, त्याचाही वापर उडी किती मारायची हे सांगायला व्हायचा. कितीतरी गेममध्ये हे आहे, आणि काकांनी मासिकातून घेतलेल्या घड्याळातही होतं. आम्ही ज्या जागेत मुळाक्षरं भरली ती रिकामी नव्हती, काकांचं घड्याळ तिच्यावर उभं होतं.

म्हणून माझं आता असं मत झालंय, आणि ते जरा ठामपणे मांडतो. बदली रॉमला 'चालते' म्हणायचं ते मशीन सुरू झाल्यावर नाही, त्या मशीनसाठी लिहिलेलं जुनं काम चालल्यावर. पाय जुळले, व्होल्ट जुळले, मजकूर जवळपास जुळला, एवढ्यावर भागत नाही. रॉम लिहिणाऱ्यांनी जे कधी कबूल केलं नव्हतं त्याच्याही भरवशावर लोकांनी प्रोग्रॅम लिहून ठेवलेत. सुधारणा करायला माझा विरोध नाही. पण ती बटणाच्या दुसऱ्या बाजूला असावी, आणि चिपवर तसं लिहिलेलं असावं.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, आता लॅपटॉपवर सगळं नक्कल करून चालतं. खरंय, आणि ॲमस्ट्रॅडनं १९९९ मध्ये त्यासाठी स्पेक्ट्रमची रॉम देण्याला परवानगीही दिली. पण ती सोय स्पेक्ट्रमची. आपल्याकडे १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवान्यानं काढलेला 'डीबी स्पेक्ट्रम' होता. १९८४ पासून 'क्लास' योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं त्याच धर्तीवर 'युनिकॉर्न' काढला. या मशीनच्या चिपा कोणा परदेशी मशीनसारख्याच असतील असं गृहीत धरून त्यांवर नवा मजकूर बसवू नका. आधी आहे ते वाचा, तीनदा वाचा, जपून ठेवा. जुनी चिप बंद पडली तरी फेकू नका. बीबीसी मायक्रोची बेसिकची चिप काढली तर तो पडद्यावर एवढंच विचारतो, 'लँग्वेज?' शाळेच्या कपाटात असा प्रश्न विचारत पडलेलं एखादं मशीन दिसलं तर भंगारात देण्याआधी मला फोन करा.

आणखी एक. ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावायला विसरू नका. थेट उन्हात आठवडाभरात मजकूर पुसला जाऊ शकतो, आणि वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीतच आहे :)

काकांची जुनी चिप आम्ही डबीत ठेवली आहे, वर तारीख आणि 'तीन वाचनं, तीन उत्तरं' असं लिहून. कॅसेटची प्रत काढली. आत्या, त्या मशीनचं मॅन्युअल लंडनच्या घरी राहिलंय असं तू म्हणाली होतीस. पुढच्या खेपेला आठवणीनं आण. समासात काकांनी काहीतरी लिहिलेलं असणार.